बँकेची परीक्षा अवघड का?

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. २०११ पासून आयबीपीएसची सामायिक लेखी परीक्षा आली. “पेपर अवघड होता,” असे नगरची मुलेही सांगतात. लिपिकाच्या पूर्वपरीक्षेत १०० प्रश्न, ६० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, आणि चुकीला पाव गुण वजा. गणित बहुतांशी शाळेतलेच. अवघड आहे ते घड्याळ! शिवाय प्रश्न इंग्रजी-हिंदीतच असत. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अर्थ मंत्रालयाने १३ प्रादेशिक भाषांची शिफारस केली. त्यांत उर्दू आहे, मराठीही. महाराष्ट्रात लिपिकाला मराठी वाचता, लिहिता, बोलता येणे ही अटच आहे. तेव्हा उर्दू शाळेतील मराठीचा तास आपण दुय्यम मानू नये. इंग्रजीचे ३० प्रश्न मात्र इंग्रजीतच सोडवायचे आहेत.