टिळक, नारायण वामन : उपासनागीतकार आणि पाळक

टिळक, नारायण वामन : (६ डिसेंबर १८६१–९ मे १९१९). मराठी कवी, ख्रिस्ती उपासनागीतांचे रचनाकार व पाळक. ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून त्यांचा मराठी वाङ्‌मयात सामान्यतः निर्देश होतो. तथापि महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासात त्यांचे स्थान वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाने देवाला कोणत्या भाषेत व कोणत्या चालीत आळवावे, हा प्रश्न त्यांनी आपल्या गीतांतून सोडविला. त्या गीतांच्या पाठोपाठ त्यांच्याकडे पाळकपद आले. आयुष्याच्या अखेरीस मिशनची सेवा त्यांनी सोडली. गीते मात्र मंडळीत राहिली.

पूर्वायुष्य : टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. काव्याची व भक्तीची आवड आई जानकीबाईंकडून आली. आईच्या निधनानंतर लहान वयातच त्यांनी घर सोडले व ते नाशिकला आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. त्यांचे इंग्रजी शिक्षण थोडेच झाले. पुढील व्यासंग त्यांनी स्वतःच वाढविला. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) त्या ह्याच. पुढील बराच काळ अस्थिरतेत गेला. शिक्षकी, पुराणकथन, कीर्तन, संस्कृत ग्रंथांचे संपादन अशी अनेक कामे त्यांनी गावोगावी केली. नागपूर येथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी धर्मग्रंथांचा अभ्यास केला व ‘ऋषी’ हे मासिक चालविले. जातिभेदाविषयी त्यांचे मन ह्याच काळात साशंक झाले. देशाच्या उन्नतीस आधार होईल असा धर्म कोणता, हा विचार त्यांना अस्वस्थ करू लागला.

ख्रिस्तस्वीकार : १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली व दोन वर्षांत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. त्या ग्रंथातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. पुढे मुंबईतील अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. हेच ॲबट पुढे महीपती, बहिणाबाई इ. मराठी संतांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्धीस आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आप्तांनी त्यांच्याशी संबंध तोडले आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने. ह्या वियोगाची व्यथा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त निःसंकोचपणे नोंदविली आहे. धर्मांतराची किंमत कोणाला किती द्यावी लागली, हे त्या ग्रंथावाचून पुरते कळत नाही.

तत्पूर्वीचे उपासनागीत : अमेरिकन मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये सुरू झाले होते. टिळक मंडळीत आले तेव्हा मराठी ख्रिस्ती वाङ्‌मयास बरीच परंपरा होती. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. परंतु गद्याने जी वाट चोखाळली, ती उपासनेतील पद्याला सापडली नव्हती. उपासनेत गायिली जाणारी बरीच गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे असत व ती मूळच्या विलायती चालींवर म्हटली जात. इंग्रजी पद्य आघातावर चालते, तर मराठी पद्य ऱ्हस्व-दीर्घ मात्रांवर व अक्षरसंख्येवर. त्यामुळे विलायती चालीत मराठी शब्द बसविताना ऱ्हस्व स्वर लांबविला जाई, दीर्घ स्वर आखडे आणि अर्थाचा ठसा पुसट होई. शिवाय ग्रामीण मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार, मांग इ. समाजांतून आलेले व बहुधा निरक्षर होते. पुस्तक हाती धरून गाण्याची रीत त्यांना परकी होती. ओवी, अभंग व भजन मात्र त्यांच्या कानांत पिढ्यान्‌पिढ्या होते. ही उणीव प्रथम ओळखली ती अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी. ख्रिस्ती कीर्तनाचा पाया त्यांनी घातला. टिळकांनी त्या पायावर इमारत उभारली.

गीतरचना : टिळकांची मंडळीतील पहिली ओळख कवी व कीर्तनकार हीच होती. संस्कृत वृत्तांत लीलया रचना करणाऱ्या ह्या कवीने उपासनेसाठी मात्र अभंग, ओवी व भजनी पदे हे सोपे रचनाप्रकार निवडले. भजनात एकाने चरण म्हणावा व इतरांनी तो झेलावा, ध्रुवपदावर सर्वांनी एकत्र यावे, अशी रीत असते. त्यामुळे वाचता न येणारासही उपासनेत श्रोता न राहता गायक होता येते. टिळकांच्या निवडीमागील खरे सामर्थ्य हे होय. आशयाच्या दृष्टीनेही त्यांनी संतपरंपरेचा वारसा निःशंकपणे घेतला. ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात, माउली म्हणतात. विरह, शरणागती व तादात्म्य ह्या भावावस्था त्यांनी वारकरी संतांच्या शब्दकळेत व्यक्त केल्या. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासनासंगीत’ ह्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेंहून अधिक गीते आहेत. ‘अभंगांजली’ हा त्यांच्या भक्तिपर अभंगांचा संग्रह. त्यांच्या काही गीतांची इंग्रजी भाषांतरे निकल मॅकनिकल यांनी केली.

ही शब्दकळा सर्वांनाच रुचली असे नाही. जुन्या धर्माचे शब्द आणले की जुना धर्मही मागील दाराने आत येईल, अशी भीती काही मिशनऱ्यांना व काही देशी ख्रिस्ती जनांनाही वाटे. तिच्यात काही तथ्यही होते. कारण शब्द आपल्याबरोबर आपला इतिहास आणतात. ज्यांना जुन्या समाजव्यवस्थेने देवळाबाहेर ठेवले, त्यांच्यापैकी काहींना त्या परंपरेचे शब्द नकोसे वाटणे स्वाभाविक होते. एका ब्राह्मण कवीला ते जितके आपले वाटत, तितके ते सर्वांना वाटतीलच असे नव्हते. पण भजनाची परंपरा केवळ ब्राह्मणांची कधीच नव्हती. चोखामेळ्याचे अभंग तिच्यात आहेत आणि तिचे गाणारे मुख्यतः बहुजन होते. टिळकांची गीते खेड्यापाड्यांतील मंडळ्यांनी उचलली, हेच त्या भीतीला मिळालेले उत्तर होय.

पाळकपद व संपादन : बाप्तिस्म्यानंतर टिळकांनी अहमदनगर येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली व ते रेव्हरंड टिळक झाले. राहुरी येथेही त्यांचे काही काळ वास्तव्य होते. त्यांच्या पाळकपणाचा भर प्रशासनावर कधीच नव्हता. कीर्तन, गायन, संभाषण व घरी आलेल्या अनाथांचा सांभाळ हीच त्यांची साधने होती. ‘बालबोधमेवा’ ह्या मुलांच्या मासिकाचे काम त्यांनी पाहिले आणि १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले. मराठी कवितेशी असलेला त्यांचा संबंधही सुटला नाही. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात त्यांना त्र्यंबक बापूजी ठोमरे अर्थात बालकवी (१८९०–१९१८) यांची प्रतिभा जाणवली. बालकवी पुढे त्यांच्या घरी राहिले. पाळक झालेल्या टिळकांच्या बिऱ्हाडी एका हिंदू तरुण कवीला घरचे स्थान मिळाले, ही घटना दोघांच्याही चरित्रात बोलकी आहे. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी १९०९ मध्ये आरंभिले. परंतु सुरुवातीचे काही अध्यायच त्यांच्या हातून झाले. पुढील बहुतेक रचना लक्ष्मीबाईंनी केली. हा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मिशनचा त्याग आणि ‘देवाचा दरबार’ : परदेशी मिशनऱ्यांनी ‘साहेब’पण सोडून सेवक व्हावे, असे टिळकांनी आपल्या काव्यातूनही स्पष्टपणे सांगितले. गीते मराठी झाली, पण मंडळीचा कारभार, पैसा व निर्णय परक्यांच्या हाती राहिले, ही विसंगती त्यांना सलत होती. अखेर १९१७ मध्ये त्यांनी मिशनची सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली व सातारा येथे ते राहू लागले. तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य एकत्र यावेत, अशा बंधुसंघाचे चित्र तिच्यात होते. बाप्तिस्म्याने पडणारी सामाजिक दरी त्यांनी स्वतःच्या संसारात भोगली होती. तीमुळे कोणी ख्रिस्तापासून दूर राहू नये, ही तळमळ ह्या कल्पनेच्या मुळाशी दिसते. परंतु ती रुजण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले व अस्थी अहमदनगर येथे नेण्यात आल्या.

मूल्यमापन : ‘दरबार’ टिळकांच्या मागे टिकला नाही. तथापि त्यामागील विचाराचा प्रभाव जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापिलेल्या ख्रिस्त सेवा संघावर दिसतो. टिळकांचे इंग्रजी चरित्रही विन्स्लो यांनीच १९२३ मध्ये लिहिले. संघटक म्हणून टिळक यशस्वी झाले असे म्हणता येणार नाही. पाळक ह्या नात्यानेही ते संस्थेच्या चौकटीत फार काळ रमले नाहीत. त्यांचे स्थायी कार्य उपासनेच्या क्षेत्रात आहे. धर्म बदलला तरी मातृभाषा व तिने घडविलेली भक्तीची रीत बदलण्याचे कारण नाही, हे त्यांनी वादविवादाने नव्हे, तर गाऊन सिद्ध केले. मराठी मंडळ्यांत टाळमृदंगाच्या साथीने भजन होते, तेव्हा त्या सिद्धतेचा प्रत्यय येतो.