त्रिनिदादचा ‘होसे’

आपण ज्याला ताबूत म्हणतो, त्याला त्रिनिदाद बेटावर ‘ताजा’ म्हणतात आणि मोहरमच्या साऱ्या सोहळ्याला ‘होसे’. हुसेनच्या नावाने फोडलेल्या आर्त हाकेचाच हा अपभ्रंश. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर नेल्या गेलेल्या हिंदी करारबद्ध मजुरांनी हा सोहळा तेथे रुजविला. ताबुतांबरोबर चालणाऱ्यांत हिंदूच अधिक असत. आफ्रिकी वंशाचे लोकही ताशांच्या साथीला येत.

वसाहतीच्या सरकारला हा मेळ खुपला. १८८४ मध्ये शहरांत मिरवणुका आणण्यास बंदी झाली. मजुरांचा विनंतिअर्ज फेटाळला गेला. ३० ऑक्टोबर रोजी सॅन फर्नांडोच्या वेशीवर, ताबूत समुद्राकडे नेणाऱ्या समुदायावर गोळीबार झाला. किमान १६ माणसे मेली, शंभराच्या वर जखमी झाली. सर हेन्री नॉर्मन यांच्या चौकशीने अधिकाऱ्यांना दोषमुक्त केले. मिरवणुकीत हिंदू बहुसंख्य, सबब ती धार्मिक नव्हेच, हा सरकारपक्षाचा युक्तिवाद मला त्या गोळ्यांइतकाच निर्दय वाटतो. महाराष्ट्रातील कित्येक गावांत ताबुताचा मान हिंदू घराण्यांकडे असे, हे त्यांना कोण सांगणार?

सेड्रोस येथे आजही ताजे निघतात आणि अखेर समुद्रात विसर्जित होतात.