तांबे वाचले, जहाज मात्र अडले

लाकडी जहाजाला वादळाइतकीच भीती एका क्षुद्र प्राण्याची असे. टेरेडो हे त्याचे नाव. दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. तो जहाजाच्या तळाचे लाकूड आतून पोखरत जातो. बाहेरून दिसते ते जेमतेम टाचणीएवढे भोक. शिवाय शेवाळ आणि बार्नेकल तळाला चिकटून वेग कमी करतात, तो त्रास वेगळाच. आपल्याकडचे कारागीर सागवान वापरत आणि तळाला चुना व तेल यांचा लेप देत. ब्रिटिश आरमाराने १७६१ साली निराळा उपाय करून पाहिला. 'अलार्म' या ३२ तोफांच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकून ते वेस्ट इंडीजला धाडले.

जहाज परतले तेव्हा तांब्याखालचे लाकूड शाबूत होते. पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खंगून गेले होते. मधूनच काही खिळे मात्र अगदी धड! पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी काढायचाच राहून गेला होता. जिथे कागद मध्ये होता, तिथे खिळा वाचला होता. याचे कारण तेव्हा कोणीच सांगू शकले नसते. व्होल्टाचा घट यायला (१८००) अजून जवळजवळ चाळीस वर्षे होती. आपल्याला ते सांगता येते. लोखंड, तांबे आणि खारे पाणी एकत्र आले की विद्युतघटच तयार होतो. त्यात लोखंड इलेक्ट्रॉन देते आणि झिजते. आरमाराने कारण न कळताही पुढे लोखंडाऐवजी तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट वापरले आणि प्रश्न मिटवला.

मग तक्रार आली ती तांब्याबद्दलच. समुद्राच्या पाण्यात पत्रे हिरवे पडत, झिजत आणि काही वर्षांत बदलावे लागत. खर्च मोठा होता. आरमाराने रॉयल सोसायटीला सल्ला विचारला. अध्यक्ष होते सर हम्फ्री डेव्ही, ज्यांनी १८०७ साली विजेच्या साहाय्याने सोडियम व पोटॅशियम वेगळे केले होते. त्यांनी 'अलार्म'चा अनुभव जणू उलटा करून वाचला. तांब्यापायी लोखंड झिजते, म्हणजेच लोखंडापायी तांबे वाचते. तर मग मुद्दामच लोखंड किंवा जस्त जोडावे! जानेवारी १८२४ मध्ये त्यांनी आपला निबंध वाचला. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा चाळीस-पन्नास चौरस इंच तांबे राखू शकतो, असे त्यांना आढळले होते.

परीक्षेसाठी निवडलेल्या जहाजांपैकी एक होते 'समरंग'. कोचीनला बांधलेले, भारतातच तांबे मढवलेले. १८२४ साली त्याला बिडाचे ठोकळे बसवले आणि ते नोव्हा स्कोशियाला जाऊन आले. तांबे उत्तम राहिले. डेव्हींचे गणित बरोबर ठरले.

पण इतर जहाजांवरून तक्रारी येऊ लागल्या. तांबे चकचकीत, आणि त्यावर बार्नेकल व शेवाळाचे जंगल! जहाजे रेंगाळू लागली. कारण असे, की तांबे थोडे थोडे विरघळत होते, म्हणूनच ते जीवांना विषारी ठरत होते. झीज थांबली आणि विषही थांबले. भरीला, संरक्षित तांब्याच्या पृष्ठभागाजवळचे पाणी अल्कधर्मी होऊन तिथे कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या संयुगांचा थर बसे. शेवाळाला बूड टेकायला ती आयतीच जागा! १८२५ साली आरमाराने समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरचे हे ठोकळे काढायला लावले. डेव्हींवर टीका खूप झाली. माझ्या मते त्यातली बरीचशी अन्यायाची होती. त्यांना विचारले गेले होते ते तांबे कसे वाचवावे, आणि त्याचे उत्तर त्यांनी दिले होते.

खर्चाचा प्रश्न सुटला तो मिश्रधातूने. १८३२ साली बर्मिंगहॅमच्या मुंट्झ यांनी सुमारे ६० भाग तांबे आणि ४० भाग जस्त यांच्या पितळेचे पेटंट घेतले. शुद्ध तांबे थंड असतानाही ठोकता येते, पण ठोकता ठोकता ते कडक होते. म्हणून तर तांबट भांडे मधूनमधून भट्टीत तापवून मऊ करून घेतो. मुंट्झची पितळ थंडपणी फारशी वाकत नाही, तापून लाल झाली की मात्र सहज लाटली जाते. ती स्वस्त होती आणि तांब्याचा विषारी गुणही पुरेसा राखून होती. प्रसिद्ध 'कटी सार्क' (१८६९) या जहाजाला हेच पत्रे होते.

वर्गात यातला निम्मा भाग सहज दाखवता येतो. तीन खिळे घासून स्वच्छ करा. एकाला तांब्याची तार, दुसऱ्याला जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळा, तिसरा तसाच ठेवा. तिन्ही वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात बुडवून दोन-तीन दिवस पाहा. कोणता खिळा आधी गंजेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून आधीच लिहून घ्यावा.

आजच्या पोलादी जहाजांच्या तळाला, सुकाणूच्या आसपास, जस्ताचे ठोकळे बसवलेले असतात. पोलाद राखण्याचे काम त्यांचे. त्याच तळाला बहुधा क्युप्रस ऑक्साइड असलेला रंग दिलेला असतो. त्यातले तांबे हळूहळू पाण्यात उतरत राहते आणि बार्नेकलला दूर ठेवते.