कोल्हापूरकडं वळलेला अँटेना : निपाणी-बेळगाव भागातल्या फुकटच्या टीव्हीची गोष्ट

निपाणीत जुन्या घरांच्या छपरांवर अजून काही जीआय पाईप उभे दिसतात. टोकाला अ‍ॅल्युमिनियमच्या वाकलेल्या काड्या, त्यावर बसलेला कावळा, आणि खाली लोंबणारी चपटी वायर. त्या वायरला आज टीव्ही जोडलेला नाही. पण विषय निघाला की घरातलं वडीलधारं माणूस हमखास सांगतं, "आम्ही अँटेना कोल्हापूरकडं वळवला होता." सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो आणि ऐकणाऱ्याला त्यात सीमाप्रश्न ऐकू येतो. माझा मूळ पेशा इंजिनिअरचा, त्यामुळे ही गोष्ट एकदा मोजून बघावी असं वाटलं. अँटेना मराठीच्या ओढीनं वळला, की भूगोलानं वळवला?

आधी पार्श्वभूमी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यातून पुण्याला दिसू लागलं. सिंहगडापासून निपाणी सरळ रेषेत साधारण २३० किलोमीटर. मुंबईपासून बेळगाव ३९० च्या आसपास. म्हणजे 'गजरा' आणि 'चिमणराव' यांची कीर्ती आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या तोंडून आली, चित्र काही आलं नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा 'साईट' प्रयोग झाला. त्यात कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. शेजारच्या विजापुरात टीव्ही आला, पण बेळगाव जिल्हा त्या यादीत नव्हता. बेंगळुरू दूरदर्शन सुरू झालं १ नोव्हेंबर १९८१ ला. तारीख बघा. कर्नाटकाचा तो राज्योत्सव, आणि सीमाभागातल्या मराठी माणसाचा काळा दिवस. पण ते केंद्रही बेळगावपासून साडेचारशे किलोमीटरवर. तात्पर्य, दोन्ही राजधान्या आपल्याला सारख्याच अदृश्य होत्या. आपला आधार रेडिओ: मराठीसाठी सांगली, कन्नडसाठी धारवाड.

चित्र बदललं ते इन्सॅट-१बी या उपग्रहामुळे. ऑगस्ट १९८३ मध्ये तो अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लहान प्रक्षेपण केंद्रांची रांग लागली. ही केंद्रं बहुतेक १०० वॅटची. म्हणजे घरातल्या एका जुन्या बल्बाएवढी ताकद. केंद्रातली मोठी तबकडी उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम घ्यायची आणि मनोऱ्यावरून तो गावाला वाटायची. कोल्हापूर आणि बेळगाव या दोन्ही शहरांना अशी प्रक्षेपणाची सोय झाली.

आता मोजमाप. टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे मनोऱ्याची उंची आणि तुमच्या पाईपची उंची यावर सगळं ठरतं. दोन्ही उंच्या मीटरमध्ये घ्यायच्या, त्यांची वर्गमुळं काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं. किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. मनोरा ५० मीटरचा आणि घरासह पाईप ९ मीटरचा धरला, तर उत्तर येतं सुमारे ४१ किलोमीटर. कमी ताकदीच्या केंद्राचं स्वच्छ चित्र याच्या बरंच आत संपतं. त्यापुढे मुंग्या, आणि मग नुसत्याच मुंग्या.

निपाणीहून कोल्हापूर सरळ रेषेत ३६-३७ किलोमीटर, मध्ये कागलकडचा बऱ्यापैकी मोकळा मुलूख. बेळगाव ६२ किलोमीटर, आणि दक्षिणेला तवंदी घाटाचा डोंगर आडवा. म्हणजे निपाणीच्या छपरावर उभ्या असलेल्या माणसाला पर्यायच नव्हता. त्याची मातृभाषा कुठलीही असो, काड्या उत्तरेकडेच करायच्या. निपाणीतल्या कन्नड घराचा अँटेनासुद्धा कोल्हापूरकडंच असणार.

बेळगाव शहराचं गणित याच्या उलट. तिथून कोल्हापूर जवळजवळ ९८ किलोमीटर. पाईपला पाईप जोडून उंची वाढवली, बूस्टर लावला, तरी हे अंतर रोजच्या रोज तुटणारं नाही. बूस्टर सिग्नल मोठा करतो तशा मुंग्याही मोठ्या करतो, हे त्या काळात पैसे घालवून शिकलेले बरेच जण आपल्यात आहेत. हवा जुळून आली तर एखाद्या संध्याकाळी लांबचं चित्र यायचं, आणि त्या एका संध्याकाळीची आठवण वर्षभर पुरायची. पण नेहमीचा टीव्ही म्हणाल तर बेळगावकरांना बेळगावचाच मनोरा.

म्हणजे कोल्हापूरची गोष्ट निपाणीत खरी, बेळगावात बहुतांशी इच्छा. मग भाषेचा संबंधच नाही का? आहे, आणि तो अँटेनाच्या दिशेपेक्षा महत्त्वाचा आहे.

सुरुवातीला कुठलाही मनोरा धरा, दिसायची दिल्लीच. 'हमलोग' हिंदी, जानेवारी १९८७ पासूनचं रविवार सकाळचं 'रामायण' हिंदी. एक जण छपरावर, एक दारात, एक टीव्हीपुढं, "आलं काय?" "आलं, आलं... गेलं की रे!" ही ओरड दोन्ही भाषांच्या घरांत सारखीच. मी स्वतः त्यातला छपरावरचा. भेद सुरू झाला तो पुढे, राज्यांची प्रादेशिक सेवा लहान केंद्रांपर्यंत पोचली तेव्हा. महाराष्ट्रातल्या मनोऱ्यांवर संध्याकाळी मुंबईच्या बातम्या आणि 'आमची माती आमची माणसं'. कर्नाटकातल्या मनोऱ्यांवर बेंगळुरूचे कन्नड कार्यक्रम. कुठल्या मनोऱ्यानं काय दाखवायचं हे मनोरा कुठल्या राज्यात आहे त्यावर ठरलं, खाली कोण राहतं त्यावर नाही.

परिणाम बघा. बेळगावच्या मराठी घराला संध्याकाळी कन्नड. निपाणीच्या कन्नड घराला मराठी. तिकडे महाराष्ट्रात जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड घरांचीही हीच अडचण. लहरींनी १९५६ ची रेषा कधीच मानली नाही. मानली ती कार्यक्रम ठरवणाऱ्या कागदानं. आपण ही कहाणी एकट्या मराठीच्या अन्यायाची म्हणून सांगतो तेव्हा ती अर्धीच सांगतो. पुरावा दोन्ही बाजूंचा आहे.

नव्वदीत केबल आली आणि हा प्रश्न भाषेकडून पैशाकडे गेला. दर महिन्याला पैसे मोजणाऱ्याला दोन्ही भाषा मिळू लागल्या. विडी वळणाऱ्या बाईला किंवा तंबाखूच्या वखारीतल्या हमालाला मात्र छपरावरच्या काड्यांवरच भागवावं लागलं. फुकट आणि आपल्या भाषेत, या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असणाऱ्याची सोय झाली १६ डिसेंबर २००४ नंतर, दूरदर्शनच्या 'डीडी डायरेक्ट प्लस'मुळे. आज ती 'डीडी फ्री डिश' म्हणून ओळखली जाते. तबकडी आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. त्यात सह्याद्रीही आहे आणि चंदनाही. पूर्वी ज्यासाठी दोन राज्यांतले दोन मनोरे लागले असते, ते आता एका लहान तबकडीत येतं.

दरम्यान जुने मनोरे गप्प झाले. प्रसार भारतीनं मोजकी ठिकाणं वगळता आपलं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद केलं. काड्यांना आता पकडायला काही उरलं नाही, म्हणून त्या भंगारात चालल्या आहेत.

इथं मंडळाच्या सभासदांना एक विनंती. शिलालेखाचा ठसा घेतो तशीच या अँटेनांची नोंद घेऊया. फोटो काढा, मोबाईलच्या होकायंत्रानं दिशा मोजा, सर्वांत लहान काडी कुठल्या बाजूला आहे ते लिहा, कारण मनोरा त्या बाजूला. वायर जिथं जोडलेली असते त्या काडीची लांबीही मोजा. सव्वादोन मीटरच्या आसपास असेल तर खालचा पट्टा, २ ते ४ क्रमांकाची चॅनेल. पाऊण मीटरच्या आसपास असेल तर वरचा, ५ ते १२. घरात कुठली भाषा बोलत होते तेही विचारा. संकेश्वर, चिकोडी, हुक्केरी, खानापूर अशी पन्नास-शंभर घरं झाली, तर कुठल्या मनोऱ्याची सत्ता कुठवर होती याचा नकाशा काढता येईल. माझं वरचं गणित चुकत असेल तर त्यातच सापडेल.

नव्या तबकड्यांवरून मात्र पुढच्या अभ्यासकाला काही कळणार नाही. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. बेळगावातून तो आग्नेयेला दिसतो, कोल्हापुरातूनही आग्नेयेलाच.