दवणा नव्हे, चटकचांदणी



गेल्या पावसाळ्यात तळेघरला थोरल्या जाऊबाईंकडे गेले होते. सकाळी पूजेच्या तबकात कातरलेली हिरवी पानं, बारीक पांढरी फुलं. "परसात दवणा उगवलाय गं," त्या कौतुकानं म्हणाल्या. चार दिवस त्यांच्या हातांना खाज सुटली होती. दोष साबणाला देत होत्या.

मी पान चुरगाळलं. दवण्याचा वास हात धुतला तरी जात नाही. याला तो वासच नाही. पान गाजरासारखं, खोडावर उभ्या रेघा आणि लव, फूल ज्वारीच्या दाण्याएवढं, कडेला पाच टोकं. हे गाजरगवत! काँग्रेस गवत म्हणा, चटकचांदणी म्हणा. खरं तर गवत नाहीच; शेवंती, झेंडू आणि दवणा यांच्याच कुळातलं, म्हणून फसायला होतं. मूळचं अमेरिका खंडातलं. अंगाला लागलं की काहींना खाज, पुरळ येतं.

आमच्या सासूबाई सांगायच्या, "मिलो आणि लाल गहू खाल्ला ना आपण, त्यातूनच हे आलं." पीएल-480 चा गहू, असं आजही सगळे म्हणतात. पण तारखा जुळत नाहीत. आपला तो करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये. त्याआधीच, 1951 च्या सुमारास, पुण्याच्या उकिरड्यांवर प्रा. परांजपे यांनी हे झाड पाहिलं होतं. 1956 मध्ये आर. एस. राव यांनी भारतातली नवी नोंद म्हणून ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. आणि नवी तरी कसली? रॉक्सबर्गच्या कलकत्त्याच्या बागेच्या 1814 च्या यादीत याचं नाव आहे! अर्थात 1951 मध्येही अमेरिकेचा गहू कर्जाऊ आला होता, तेव्हा धान्यावरचा संशय अगदीच पुसता येत नाही. एका झाडाला हजारो बिया, त्याही धुळीसारख्या. सुपात निवडताना आपल्या नजरेतूनही सुटतील.

जाऊबाईंनी तबक रिकामं केलं. उपटायला मात्र हात धजेना. "वनस्पतिकाय आहे गं." मी म्हटलं, "ताई, आज सात झाडं आहेत. बी पडलं की पुढच्या वर्षी सातशे उपटाल." बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तूच उपट. हातमोजे घाल."

मी उपटली. त्या ओट्यावर बसून 'मिच्छामि दुक्कडं' म्हणत होत्या.

आता चैत्रात मंचरच्या बाजारातून दवण्याची जुडी मीच नेऊन देते.