दामोदर हॉलची मागची रांग

मंगळवार, १६ जून १९३६. भायखळ्याचा पूल उतरून ट्राम लालबागकडे निघाली आहे आणि तुम्ही दांड्याला धरून उभे आहात. दोन्ही बाजूंना गिरण्यांच्या चिमण्या, हवेत कोळशाचा धूर. समोरच्या बाकावर चौघीजणी. एकीच्या गळ्यात कवड्यांची माळ, कपाळाला भंडारा. बाकीच्या तिघींनी पदर डोक्यावरून घट्ट ओढलेले. त्या चढल्या तेव्हाच शेजारचा टोपीवाला गुमास्ता उठून मागे जाऊन उभा राहिला. कंडक्टरने मात्र त्यांचे पैसे घेतले आणि तिकिटं फाडून दिली. या शहराचा त्यांच्याशी व्यवहार साधारण याच पद्धतीचा आहे.

परळला त्या उतरतील, त्यांच्या मागून चला. हा सोशल सर्व्हिस लीगचा दामोदर हॉल. अलीकडे ज्याच्या पुनर्विकासावरून नाटकवाले रस्त्यावर उतरले, तोच. बाबासाहेब आंबेडकरांना ही जागा परकी नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेची पहिली बैठक १९२४ साली इथेच झाली. आज आत बसलेत वाघ्ये, मुरळ्या, जोगतिणी, देवदासी, पोतराज आणि कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीतून आलेल्या महार बायका. पंधरवड्यापूर्वी दादरला नायगावात मुंबई इलाखा महार परिषद भरली होती, तिथे धर्मांतराचा निर्धार पक्का झाला. त्याला पाठिंबा द्यायला ही सभा आहे.

मागच्या रांगेत जागा आहे. कवड्यांच्या माळेवाली तुमच्या शेजारीच बसेल. तुम्ही पुढच्या शतकातून आलात हे तिला कळायचं कारण नाही, आणि कळलं तरी तिला त्यात फारसा रस वाटेलसं दिसत नाही. तिचं सगळं लक्ष समोर.

बाबासाहेब उभे राहतात आणि पहिल्यापासून कडक बोलतात. कामाठीपुऱ्यातल्या महार बायका हा समाजाला लागलेला कलंक आहे, असं ते सरळ सांगतात. आमच्याबरोबर यायचं तर हे जगणं सोडावं लागेल. वाटा दोनच: आहात तिथे राहा आणि लोकांनी झिडकारलेलं सोसा, नाहीतर हा धंदा टाकून आमच्याबरोबर चला. लग्न करा, चारचौघींसारखा संसार करा. आणि मग, जणू मागच्या रांगेतली कुजबुज त्यांच्या कानावर गेली असावी तसं, ते पोटाच्या प्रश्नावर येतात. जगायचं कसं हे मी सांगणार नाही, म्हणतात. शेकडो मार्ग आहेत. पण हे सोडलंच पाहिजे.

तुमच्या कानांना हे खुपतं. तुम्ही ज्या काळातून आलात तिथे ‘तिची निवड’, ‘तिचा हक्क’ हे शब्द सहज तोंडात येतात, आणि कोणी बाईला ‘कलंक’ म्हटलं तर चर्चा तिथेच संपते. जरा थांबा. सभागृहावरून एकदा नजर फिरवा. इथे बसलेल्या बायका एकाच जातीतून का आल्या? शेजारणीच्या गळ्यातली माळ तिने हौसेने घातलेली नाही. पोरीला यल्लम्माला सोडायची रीत बहुतेक महार-मांगांच्याच घरात. देवीला सोडलेली पोर मग गावातल्या मोठ्या घरच्या पुरुषांची, आणि तिथून पुढे मुंबईची गाडी. निवड झाली ती फार आधी, आणि भलत्यांनी केली. बाबासाहेबांचा राग बाईच्या देहावर नाही, जातीने तिच्या वाट्याला लावून दिलेल्या कामावर आहे. मेलेली ढोरं ओढू नका, असं त्यांनी पुरुषांना सांगितलं तेही याच रागातून.

पठ्ठे बापूरावांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. रेठऱ्याचा ब्राह्मण शाहीर, पवळेच्या नाचण्यावर तमाशाचा फड गाजवणारा. महाडच्या सत्याग्रहासाठी तो तमाशाच्या कमाईतून मदत द्यायला आला आणि बाबासाहेबांनी ती नाकारली: आमच्या बायका नाचवून मिळालेला पैसा नको. कामाठीपुऱ्याला लागून असलेल्या फॉकलंड रोडला, म्हणजे पिंजऱ्यांच्या रस्त्याला, पुढे पठ्ठे बापूरावांचंच नाव मिळालं. महापालिकेने हे विचार करून केलं की न करता, देव जाणे.

तरीही मला त्या भाषणात एक जागा रिकामी दिसते, आणि ती बाबासाहेबांच्या मोठेपणाच्या आड येत नाही म्हणून सांगतो. शेकडो मार्ग आहेत, पण त्यातला एकही मागच्या रांगेपर्यंत आलेला नाही. गिरणीत बाईला काम मिळालं तर वाइंडिंग-रिलिंगच्या खात्यात, आणि तिथेही मुकादमाची मर्जी सांभाळावी लागते. विणाईखात्यात तर अस्पृश्य पुरुषालाही घेत नाहीत, तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून. आणि गिऱ्हाईक? तो या सभेला आलेला नाही. हे शहर हजार पुरुषांमागे पाच-साडेपाचशे बायकांचं; चाकरमानी दहाजणांच्या खोलीत झोपतो, बायको कोकणात नाहीतर साताऱ्याला. त्याला कोणी हॉलमध्ये बोलावून दोन वाटा सांगितल्याचं ऐकिवात नाही.

सभा सुटल्यावर चालत दक्षिणेला कामाठीपुऱ्याकडे निघा. वाटेत एक लक्षात ठेवा: तुम्ही जिथे चाललात ते कायद्याने आत्ताच बंद आहे. १९२३ साली मुंबई इलाख्यात वेश्याव्यवसाय प्रतिबंधाचा कायदा आला, १९३० मध्ये तो आणखी कडक करून कुंटणखान्यांवर बंदी घालण्यात आली. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत या बंदीची खूण शोधून पाहा. हप्ता वाढला असेल एवढंच.

डंकन रोडवर, आजच्या मौलाना आझाद रोडवर, १९१७ मध्ये डोकावलंत तर हा कायदा कशातून आला ते कळेल. अकूताई नावाच्या बाईने इथल्या एका कुंटणखान्यातून पळून जायचा प्रयत्न केला आणि तिला मरेस्तोवर मारलं गेलं. खटला उभा राहिला तेव्हा त्याच घरातल्या बायकांनी साक्षी दिल्या: कर्ज, कुलूप, मार. शहर हादरलं. हादरलेल्या शहराने पुढे काही वर्षांनी कायदा मागितला, आणि आला तो असा की दलालाबरोबर रस्त्यावरची बाईही पोलिसाच्या हाती लागली. त्या साक्षीदार बायकांचं पुढे काय झालं याची फिकीर कायद्याला करावीशी वाटली नाही.

आणखी मागे, १८७१ मध्ये, फार वेळ थांबू नका. सांसर्गिक रोगांचा कायदा मुंबईत लागू आहे. गोऱ्या शिपायाला आणि खलाशाला रोग होऊ नये म्हणून बाईची नोंद करायची, सक्तीने तपासणी करायची, रोगी निघाली तर लॉक हॉस्पिटलात कोंडायची. शिपायाला तपासत नाहीत. पुढच्याच वर्षी हा कायदा इथे थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि १८८८ साली रद्द होतो. आज कोणी उत्साहाने म्हणतं, ‘कायदेशीर करून टाका, लायसन द्या, दर महिन्याला तपासणी’, तेव्हा धंद्यातल्या बायका अंग चोरतात त्याचं मूळ इथे आहे. त्यांना लायसन नकोय. त्यांचं मागणं याहून साधं: आमच्यावरची फौजदारी काढा. न्यूझीलंडने २००३ मध्ये तसं केलं. स्वीडनने १९९९ मध्ये वेगळी वाट धरली, विकत घेणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं. आपण दोन्ही वाटांवर अर्धा-अर्धा पाय ठेवून उभे आहोत.

कसे, ते पाहायला स्वातंत्र्यानंतरचा कायदा उघडा. १९५६ चा, १९५८ पासून लागू, १९८६ मध्ये दुरुस्त झालेला. गल्लीत त्याला ‘पिटा’ म्हणतात. पैशासाठी शय्यासोबत करणं हा या कायद्यात थेट गुन्हा नाही. पण गिऱ्हाईकाला बोलावलं तर गुन्हा. देऊळ, शाळा, इस्पितळापासून दोनशे मीटरच्या आत धंदा केला तर गुन्हा, आणि गिरगाव ते परळ या पट्ट्यात दोनशे मीटरमध्ये देऊळ नाही अशी जागा दाखवा. दोघींनी मिळून, एकमेकींच्या सोबतीने एका खोलीत धंदा केला तर तो कुंटणखाना. तिच्या कमाईवर सज्ञान मुलगा जगला तर तोही आरोपी. आणि ही तर कमालच: गिऱ्हाईक बोलावण्याबद्दल बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, तोच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने.

१९९६ चा फेब्रुवारी. कामाठीपुऱ्यात धाड पडते आहे. अल्पवयीन मुली कोंडून ठेवल्याच्या बातम्यांची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतलेली असते. चारशेहून जास्त मुली आणि बायका गाड्यांत भरल्या जातात, त्यांत नेपाळच्या पुष्कळ. यातल्या लहान मुलींना सोडवायलाच हवं होतं, त्यात दुमत नाही. पण गाडीत कोण लहान, कोण मोठी, कोण विकलेली, कोण अधियावर धंदा करून अर्धी कमाई कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीला देणारी, हे विचारायला वेळ कोणाला? सगळ्यांना सुधारगृह. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होत नाही. शेवटी तिथल्या संस्था पुढे येतात. याच वर्षी सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहते. तिच्यातल्या कित्येकजणी देवदासी, सीमाभागातून आलेल्या, दामोदर हॉलमधल्या शेजारणीच्या नाती शोभतील अशा. त्या ‘धंदा’ हा शब्द मान खाली न घालता उच्चारतात आणि आम्हाला वाचवणाऱ्यांपासून वाचवा म्हणतात. बाबासाहेबांच्या जयंतीला हार घालणाऱ्या बाईने हे म्हणावं, यात अनेक आंबेडकरी स्त्रियांना विसंगती दिसते: जातीने लादलेल्या कामाला ‘काम’ म्हणून मान्यता दिली की जातीलाच मान्यता. हा आक्षेप मला आजही सगळ्यांत वजनदार वाटतो. मात्र त्याचं उत्तर फौजदारखान्यात शोधायचं हे मला पटत नाही. बाबासाहेबांनी त्या बायकांना आपलं मानून समोर बसवलं आणि तोंडावर सुनावलं. पोलीस गाडीत बसवतात.

माझगावच्या न्यायालयात २०१९ मध्ये उभे राहा. मालाडच्या छाप्यात सापडलेल्या तिघी तरुणी, तिघीही सज्ञान. त्या बेडिया समाजातल्या, आणि या समाजात मुलींना धंद्यात पाठवायची रीत आहे, म्हणून त्यांना आईच्या ताब्यात द्यायला दंडाधिकारी नकार देतात. सुधारगृह, एक वर्ष. पाहिलंत? जातीचा मुद्दा इथेही निघाला, पण तो त्यांना कोंडायला. सप्टेंबर २०२० मध्ये न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण हा आदेश रद्द करतात: वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हा नाही, सज्ञान बाईला आपला व्यवसाय निवडायचा अधिकार आहे, तिच्या मर्जीविरुद्ध तिला अडकवता येणार नाही. त्याच वर्षी, कोविडच्या टाळेबंदीत, राज्य सरकार या बायकांना महिना ५,००० रुपये, शाळेत जाणारं मूल असेल तर आणखी २,५०० द्यायचं जाहीर करतं. शेकडो मार्गांपैकी एक, तीन महिन्यांपुरता. १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालय पोलिसांना बजावतं की धंदा करणाऱ्या बाईशी सन्मानाने वागा, तिला शिवीगाळ किंवा मारहाण करू नका. आणि राहत्या पत्त्याचा पुरावा नसला तरी तिला आधार कार्ड देण्याचा आदेशही न्यायालय देतं.

आता तुमच्याच काळात या. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत बॅगांचे कारखाने, भंगाराची दुकानं, आणि कुठे कुठे अजून दारात उभ्या बायका. म्हाडामार्फत साऱ्या वस्तीचा समूह पुनर्विकास व्हायचा आहे. घरमालकाला काय, भाडेकरूला किती चौरस फूट, याची चर्चा होत आली आहे. खोली बहुधा दुसऱ्याच कोणाच्या नावावर, बाई फक्त खाटेचं भाडं देते. तिला पात्र ठरायचं तर ती इथे इतकी वर्षं राहिली हे दाखवावं लागेल. तिने खरंच दाखवलं, की मी आणि ही दुसरी, आम्ही दोघी मिळून याच खोलीत धंदा करत आलो, तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे तो कुंटणखान्याचा पुरावा ठरतो.