हिंगोलीचा प्रतिनिधी आणि संसदेतील मतनोंद : राजीव सातव यांच्या कारकीर्दीचा विचार

लोकप्रतिनिधीच्या कार्याचे मूल्यमापन करावयाचे झाले म्हणजे, त्याने सभागृहात कोणत्या प्रश्नावर कोणत्या बाजूने मत दिले, हे साधन सर्वांत विश्वसनीय मानण्याचा प्रघात आहे. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात मतदानासाठी सभासद दोन वेगवेगळ्या दालनांतून जातात आणि त्यांच्या नावांच्या याद्या १८३६ पासून अधिकृतपणे प्रसिद्ध होत आल्या आहेत. तेथील चरित्रकाराला त्या याद्यांवरून आपल्या चरित्रनायकाची मते वर्षानुवर्षे ताडून पाहता येतात. भारतीय संसदेच्या सभासदाविषयी लिहू पाहणाऱ्यास ही सोय क्वचितच लाभते. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांची कारकीर्द या अडचणीचे बोलके उदाहरण आहे.

सातव यांचा जन्म २१ सप्टेंबर १९७४ चा. कळमनुरीचे हे घराणे राजकारणात आधीपासून होते. त्यांच्या मातोश्री रजनीताई सातव राज्यात मंत्री राहिल्या होत्या. पुण्यात कायद्याचे शिक्षण घेतल्यावर सातव यांनी आरंभ केला तो पंचायत समिती आणि जिल्हा परिषद या पायऱ्यांवरून. परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला असल्याने तेथील जिल्हा परिषद त्या वेळी नवीनच होती. २००९ मध्ये ते कळमनुरीतून विधानसभेवर निवडून आले, २०१० ते २०१४ या काळात भारतीय युवक काँग्रेसचे अध्यक्ष होते, आणि २०१४ मध्ये लोकसभेत पोहोचले. पुढे गुजरातचे पक्षप्रभारीपद त्यांच्याकडे आले. त्या जबाबदारीमुळे २०१९ ची निवडणूक त्यांनी लढविली नाही. २०२० मध्ये महाराष्ट्रातून ते राज्यसभेवर बिनविरोध निवडून गेले.

यांतील २०१४ च्या निवडणुकीकडे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे. हिंगोली लोकसभा मतदारसंघात जिल्ह्यातील वसमत, कळमनुरी व हिंगोली यांच्याबरोबर नांदेडमधील किनवट व हदगाव आणि यवतमाळमधील उमरखेड हे विधानसभा मतदारसंघ येतात. त्या वर्षी महाराष्ट्रात काँग्रेसला दोनच जागा मिळाल्या : नांदेड आणि हिंगोली. सातव यांना ४,६७,३९७ मते पडली आणि शिवसेनेचे तत्कालीन खासदार सुभाष वानखेडे यांना ४,६५,७६५. अंतर अवघे १,६३२ मतांचे. (हेच वानखेडे पुढे २०१९ मध्ये काँग्रेसचे उमेदवार होऊन पराभूत झाले, हा मराठवाड्याच्या राजकारणातील एक स्वतंत्रच अध्याय होय.) नऊ लाखांहून अधिक मते एकेक करून मोजली गेली म्हणून हा निकाल निश्चित करता आला. ज्या सभागृहात या निकालाने सातव यांना धाडले, तेथे मात्र मते अशी मोजण्याची रीत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद १०० प्रमाणे सभागृहातील प्रश्नांचा निर्णय उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतो. व्यवहारात पीठासीन अधिकारी प्रस्ताव मांडतो, सभासद ‘होय’ किंवा ‘नाही’ असा उच्चार करतात, आणि कोणता आवाज मोठा हे ऐकून अधिकारी निर्णय जाहीर करतो. या आवाजी मतदानात कोणाचेही नाव नोंदले जात नाही. एखाद्या सभासदाने निर्णयाला आव्हान देऊन मतविभाजन मागितले, तरच ‘अनुकूल’ व ‘प्रतिकूल’ अशा याद्या तयार होतात. अशा मोजणीचे मोल किती असू शकते, हे १७ एप्रिल १९९९ रोजी देशाने पाहिले : वाजपेयी सरकारवरील विश्वासाचा ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने फेटाळला गेला. त्या लोकसभेत हिंगोलीचे प्रतिनिधित्व काँग्रेसच्या सूर्यकांता पाटील करीत होत्या.

घटनादुरुस्तीच्या विधेयकांना अनुच्छेद ३६८ प्रमाणे विशेष बहुमत लागते, म्हणून तेथे मतविभाजन अटळ असते. याचा परिणाम मोठा विचित्र होतो. वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीतील राज्यसभेच्या सुधारणांना लोकसभेने ८ ऑगस्ट २०१६ रोजी ४४३ विरुद्ध शून्य मतांनी संमती दिली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाचे विधेयक ८ जानेवारी २०१९ रोजी ३२३ विरुद्ध ३ मतांनी संमत झाले. म्हणजे जेथे मतभेद जवळजवळ नव्हता तेथे नावांच्या याद्या उपलब्ध आहेत. आणि जेथे कडवा वाद झाला, अशा अनेक साध्या विधेयकांच्या बाबतीत इतिवृत्तात केवळ ‘प्रस्ताव संमत झाला’ एवढेच वाक्य आहे.

मत नोंदले गेले तरी ते कोणाचे समजावयाचे, हा प्रश्न उरतोच. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात आले. सातव यांच्या मतांची संपूर्ण यादी हाती असती, तरी तीत त्यांच्या पक्षाचाच इतिहास अधिक दिसला असता. व्यक्तीचा शोध घ्यावयाचा तर प्रश्न, चर्चा आणि खासगी विधेयके यांकडे वळावे लागते. त्या बाबतीत सोळाव्या लोकसभेतील त्यांची नोंद भरघोस आहे : पाच वर्षांत त्यांच्या नावावर हजाराहून अधिक प्रश्न आहेत. प्रश्न विचारण्यास पक्षादेश लागत नाही, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

दुसरी नोंद निलंबनाची आहे. ३ ऑगस्ट २०१५ रोजी अध्यक्षा सुमित्रा महाजन यांनी काँग्रेसच्या ज्या २५ सभासदांना पाच दिवसांसाठी निलंबित केले, त्यांत सातव होते. सभागृहात फलक आणून घोषणा दिल्याबद्दलची ती कारवाई होती. गोंधळ घालून कामकाज रोखणे हे संसदीय कर्तव्य म्हणता येत नाही, आणि काँग्रेसच्या ४४ जागांचे दौर्बल्य हे त्याचे कारण असले तरी ते समर्थन ठरत नाही. पाच वर्षांनंतरचे निलंबन मात्र याहून वेगळ्या प्रश्नावर घडले.

२० सप्टेंबर २०२० रोजी, रविवारी, राज्यसभेत दोन कृषी विधेयके आली. बाजार समित्यांच्या आवाराबाहेर शेतमालाचा व्यापार खुला करणे आणि त्या व्यापारावर राज्यांना शुल्क आकारू न देणे, हे त्यांतील एकाचे सार होते. हिंगोली व वसमत येथील बाजार समित्यांत हळदीची मोठी उलाढाल होते; तेव्हा या विधेयकाचा संबंध सातव यांच्या जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या थेट व्यवहाराशी होता. विधेयके प्रवर समितीकडे पाठवावीत ही सूचना आणि मूळ विधेयके या दोहोंवर विरोधकांनी मतविभाजन मागितले. ते न घेता उपसभापती हरिवंश यांनी आवाजी मतदानाने निर्णय दिला. सभासद आपापल्या जागी नव्हते व सभागृहात शिस्त नव्हती, म्हणून मतविभाजन घेता येत नव्हते, अशी उपसभापतींची भूमिका. मागणी जागेवरूनच केली होती, असे विरोधकांचे प्रतिपादन. साथीमुळे राज्यसभेचे सभासद त्या दिवसांत दोन्ही सभागृहांत आणि प्रेक्षकसज्जांत विखरून बसविले जात असत, ही परिस्थितीही ध्यानात ठेवली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी आठ सभासदांना अधिवेशनाच्या उरलेल्या काळासाठी निलंबित करण्यात आले. सातव त्यांपैकी एक होते. तो दिवस २१ सप्टेंबर, त्यांचा सेहेचाळिसावा वाढदिवस होता. निलंबनाचा ठरावही आवाजी मतदानानेच संमत झाला. ती रात्र निलंबित सभासदांनी संसदेच्या आवारात धरणे धरून काढली. सकाळी उपसभापती त्यांच्यासाठी चहा घेऊन आले, तो त्यांनी घेतला नाही.

पीठासीन अधिकाऱ्यासमोर धावून जाण्याचे समर्थन येथेही होत नाही. तरीही दोन्ही निलंबनांना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल. २०१५ मध्ये मागणी मंत्र्यांच्या राजीनाम्याची होती, म्हणजे राजकीय होती. २०२० मध्ये विधेयकाच्या विरोधाबरोबरच मते मोजण्याची मागणी होती, आणि ती सभागृहाच्या नियमांतच बसणारी होती. मतविभाजन झाले असते तर विधेयके पडली असती, असे सिद्ध करता येत नाही. पडली नसती, असेही सिद्ध करता येत नाही. सत्ताधारी आघाडीतील अकाली दलासही ती मान्य नव्हती आणि त्या पक्षाच्या मंत्री हरसिमरत कौर बादल यांनी १७ सप्टेंबर रोजीच राजीनामा दिला होता. याद्या तयार झाल्या असत्या तर कोण विरोधात उभा राहिला आणि कोण गैरहजर राहिला, हे हळद विकण्यास बाजारात आलेल्या माणसालाही समजले असते. इतिवृत्तात सातव यांचे नाव उमटले ते ‘प्रतिकूल’ या रकान्यात नव्हे, निलंबितांच्या यादीत.

सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी या कायद्यांच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सातव यांना करोनाची बाधा झाली आणि १६ मे २०२१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार कळमनुरीत झाले. त्यांच्या रिक्त जागेवर सप्टेंबरमध्ये रजनी पाटील बिनविरोध निवडून आल्या. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी कृषी कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांनी एकाच दिवसात, चर्चेवाचून, आवाजी मतदानाने संमत केले.